दोरीच्या आतलं सोयाबीन

एका हेक्टरला सोयाबीन किती पिकलं हे ठरवायला कुणी अख्खं शेत कापत नाही. शेतात पाच मीटर लांब, पाच मीटर रुंद चौकोन आखतात. त्यातलं पीक कापायचं, झोडपायचं, उफणायचं आणि तोलायचं. चौकोन २५ चौरस मीटरचा, हेक्टर १०,००० चौरस मीटरचा, म्हणून तराजूवर येईल त्या वजनाला ४०० ने गुणायचं. चौकोनात किलोभर दाणा जास्त निघाला की कागदावर हेक्टरी चार क्विंटल वाढले. तहसील, जिल्हा, राज्य यांचं उत्पादन याच गुणाकारावर उभं राहतं, आणि पीक विम्याची भरपाई मिळणार की नाही तेही.

हे काम मी इंदूर जिल्ह्यात शिकले. इथे सगळे त्याला फसल कटाई म्हणतात, मराठी घरांतसुद्धा. देवी अहिल्या विद्यापीठातून संख्याशास्त्रात एम.एस्सी. केलं तेव्हा नमुना निवड म्हणजे फळ्यावरची सूत्रं होती: लोकसंख्या, नमुना, प्रमाण त्रुटी. अन्वेषक म्हणून नेमणूक झाल्यावर पहिल्याच खरिपाच्या तोंडावर प्रशिक्षणाला बसवलं. खोलीत पटवारी होते, ग्रामीण कृषी विस्तार अधिकारी होते आणि आम्ही काही नवे अन्वेषक. कापणीचा प्रयोग प्रत्यक्ष करणार पटवारी आणि विस्तार अधिकारी, आम्ही त्यातल्या काही प्रयोगांच्या वेळी हजर राहून तपासणी करायची, अशी कामाची वाटणी.

शिकवायला आलेले सर निवृत्त होते, रामबागेत राहणारे. वर्गात हिंदीत बोलायचे आणि चहाला बाहेर आलं की माझ्याशी मराठीत. त्यांनी सूत्रापासून सुरुवात केली नाही, आणेवारीपासून केली. पूर्वी पीक कसं मोजायचे? गावचा माणूस शेताच्या बांधावर उभा राहायचा आणि नजरेने सांगायचा, यंदा दहा आणे पीक आहे. सोळा आणे म्हणजे भरपूर, सामान्य वर्षाचं पीक. अशा सामान्य वर्षाचा उतारा किती, हे आधीच ठरवून ठेवलेलं असायचं. क्षेत्र गुणिले सामान्य उतारा गुणिले आणे, भागिले सोळा, की झालं राज्याचं उत्पादन. पीक कमी लावलं तर सारा माफ होण्याची आशा, जास्त लावलं तर साहेब खूश. बांधावर उभ्या माणसाच्या नजरेत हे सगळं मिसळलेलं असणारच. बंगालच्या १९४३ च्या दुष्काळाने देश हादरला त्या काळात देशात धान्य नेमकं किती, याचं भरवशाचं उत्तर द्यायला अशा आकड्यांपलीकडे फारसं काही हाताशी नव्हतं.

ही पद्धत बदलण्यात दोन मराठी माणसांचा मोठा वाटा आहे, आणि त्यातले एक आमच्या इंदूरचे. इथल्या मराठी मुलांना हे कुणी सांगत नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं. पांडुरंग वासुदेव सुखात्मे सातारा जिल्ह्यातल्या बुधचे, जन्म १९११. लंडनला नेमन आणि पिअर्सन या संख्याशास्त्रज्ञांकडे शिकून आले आणि १९४० मध्ये दिल्लीला कृषी संशोधन परिषदेत रुजू झाले. यादृच्छिक नमुना घेऊन गहू-भाताचं पीक प्रत्यक्ष कापून मोजण्याची रीत त्यांनी प्रांताप्रांतांत उभी केली. डॉ. व्ही. जी. पानसे इंदूरच्या इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्रीत होते. कापसाच्या वाणांवर काम करताना त्यांनी शेतीतल्या प्रयोगांना संख्याशास्त्राची शिस्त लावली आणि वऱ्हाडात कापसाचं उत्पादन नमुना पद्धतीने मोजून पाहिलं. १९५१ मध्ये सुखात्मे रोमला, संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेत गेले, तेव्हा दिल्लीतलं त्यांचं काम पानशांनी हाती घेतलं. परिषदेचा तो सांख्यिकी विभाग वाढत वाढत आज दिल्लीतच, पुशाला, भारतीय कृषी सांख्यिकी संशोधन संस्था म्हणून उभा आहे. देशभरातले अधिकारी तिथे शिकायला जातात, एम.एस्सी. आणि पीएच.डी.ची मुलं तिथे घडतात. १९५४ साली या दोघांनी मिळून लिहिलेलं पुस्तक कृषी महाविद्यालयांतली मुलं अजून नुसतं ‘पानसे-सुखात्मे’ म्हणून मागतात.

प्लांट इन्स्टिट्यूट १९२४ साली इंग्रज कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी होळकर दरबाराने दिलेल्या जमिनीवर सुरू केली. कंपोस्टची ‘इंदूर पद्धत’ जगभर गेली ती इथूनच. आज त्या जागी कृषी महाविद्यालय आहे आणि शहर त्याच्या चारी बाजूंनी वाढलं आहे. प्रशिक्षणाचा एक भाग तिथल्या शेतावर झाला. सर म्हणाले, "पानशांनी याच मातीत प्लॉट पाडलेत, तेव्हा दोरी नीट ताणा."

आता मुख्य गोष्ट, ती म्हणजे जागा निवडणं. गावं चिठ्ठ्या टाकल्यासारखी यादृच्छिक निवडतात, गावातले खसरा क्रमांक, म्हणजे शेतांचे सर्व्हे नंबर, तेही तसेच. शेतावर पोचल्यावर आधी नैर्ऋत्य कोपरा शोधायचा. तिथून शेताची लांबी पावलांनी मोजायची, मग रुंदी. आम्हाला वाट्याला आलेलं देपालपूर तहसिलीतलं एक शेत ८४ पावलं लांब आणि ४६ पावलं रुंद भरलं. चौकोनाची बाजू अंदाजे सात पावलं, ती दोन्हींतून वजा करायची म्हणजे चौकोन शेताबाहेर जात नाही. राहिले ७७ आणि ३९. यादृच्छिक संख्यांच्या तक्त्यातला नेमून दिलेला स्तंभ उघडायचा आणि त्या मर्यादेत बसणारी पहिली जोडी घ्यायची. आमची आली ६१ आणि १२. लांबीच्या बाजूने ६१ पावलं, तिथून काटकोनात शेतात १२ पावलं. जिथे पाय थांबला तिथे पहिली खुंटी.

आमची खुंटी पडली ती पाणी साचून राहिलेल्या खोलगटीत. तिथलं सोयाबीन गुडघ्याच्याही खाली, पानं पिवळी पडून गळालेली, शेंगा मोजक्या. काळ्या मातीत पाणी तुंबलं की असंच होतं. पटवारी साहेब म्हणाले, "मॅडम, चार पावलं पुढे घेऊ. इथे काय तोलणार?" त्यांच्या मनात खोट नव्हती. शेत चांगलं होतं आणि त्याचा वाईट तुकडाच कागदावर जावा हे त्यांना पटत नव्हतं. शेतकरी दादा गप्प उभे होते. विमा काढलेला होता आणि खुंटी तिथेच राहिली तर त्यांच्या फायद्याचं होतं.

मी म्हटलं, खुंटी हलणार नाही. आणि का हलणार नाही ते तिथेच, चिखलात उभ्यानेच सांगावं लागलं. या शेताचा दहावा हिस्सा पाण्याखाली असेल, तर शंभर वेळा तक्ता उघडल्यावर दहा-एक वेळा खुंटी पाण्यात पडणार आणि नव्वद वेळा चांगल्या पिकात. सगळ्या गावांचे, सगळ्या शेतांचे आकडे एकत्र आले की पाण्याचा वाटा जेवढा खरा आहे तेवढाच हिशेबात येतो. आपण खोलगट टाळली तर कागदावरच्या देपालपुरात एकही खोलगट उरणार नाही. आणि पाऊस जास्त झाल्याच्या वर्षी, जेव्हा हा आकडा सगळ्यात महत्त्वाचा, तेव्हाच तो सगळ्यात खोटा ठरेल.

पुढच्या शेतात उलटं झालं. तक्त्याने आम्हाला जुन्या उकिरड्याच्या जागेवर नेलं, जिथे पीक कमरेला लागत होतं. तिथले दादा कळवळून म्हणाले, "बाई, हे माझं शेत नाही, हे माझ्या खताचं भाग्य आहे. तिकडे बघा ना, तिकडे काय आहे." त्यांनाही मी तेच सांगितलं आणि खुंटी तिथेच ठोकली. त्यांचा चेहरा पाहणं सोपं नव्हतं. पण मघाशी पटवाऱ्यांना नाही म्हटलं ते याच दुसऱ्या खुंटीसाठी होतं, हे मला तिथे स्पष्ट दिसलं. एका बाजूला झुकणारी दया दुसऱ्या शेतकऱ्याच्या खिशातून जाते, कारण हलक्याचा, म्हणजे एका पटवाऱ्याकडे असलेल्या भागाचा, आकडा सगळ्यांचा मिळून एकच असतो.

खुंटी ठोकली म्हणजे काम संपलं असं नाही. चौकोन खरोखर चौकोन हवा. चारही बाजू पाच मीटर भरल्या तरी तो तिरका असू शकतो, मग आतलं क्षेत्र कमी होतं. म्हणून टेप कर्णावर धरायचा. कर्ण ७ मीटर ७ सेंटिमीटर यायला हवा, दोन्हीकडून. पंधरा-वीस सेंटिमीटरचा फरक आला तर खुंट्या उपटून पुन्हा. मग सुतळी जमिनीलगत ताणायची. पिकाच्या वरून ताणली तर झाडं वाकतात आणि कुठलं झाड आतलं, कुठलं बाहेरचं कळत नाही.

सगळ्यात बारीक काम या सुतळीवरच आहे. ज्या झाडाचं बूड आत ते आपलं, मग त्याच्या फांद्या बाहेर लोंबत असल्या तरी. ज्याचं बूड बाहेर ते सोडायचं, त्याच्या शेंगा आत आल्या असल्या तरी. बूड नेमकं सुतळीखाली असेल तर अर्ध्याहून जास्त आत असलं तरच घ्यायचं. ऐकायला सोपं आहे. प्रत्यक्षात विळा चालवणारा माणूस सुतळीवरचं झाड हमखास आत घेतो. यात लबाडी नसते, शेंगा भरलेलं झाड हातून सोडवत नाही. आमच्याकडे ओळींत साधारण ४० सेंटिमीटर अंतर असतं. म्हणजे पाच मीटरमध्ये साडेबारा ओळी. ती अर्धी ओळ कुठे जाते? पूर्ण ओळ घेतली तर १३, सोडली तर १२. एक ओळ म्हणजे दोन चौरस मीटर, चौकोनाचा आठ टक्के भाग. हेक्टरी आठ क्विंटलच्या पिकात तिचा दाणा १६० ग्रॅम भरतो, दोन्ही ओंजळींत मावेल एवढा. गुणिले ४०० केलं की ६४ किलो. म्हणून चौकोनाची बाजू ओळींना समांतर असली तरी आपल्या सोयीने सरकवायची नाही, ती जिथे पडली तिथे बूड पाहून झाडागणिक निर्णय घ्यायचा. मी त्या कडेला उकिडवी बसून एकेक झाड पाहत होते आणि मजूर ताई माझ्या बोटाकडे बघून विळा लावत होत्या.

याच काठाच्या प्रश्नावर सुखात्मे आणि दुसरे मोठे संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्यात वाद झाला होता. महालनोबिस लहान तुकडे आणि जास्त ठिकाणं यांच्या बाजूचे, सुखात्मे म्हणत तुकडा फार लहान केला तर उत्पादन फुगून येतं. प्रशिक्षणात मला हा वाद पंडिती वाटला होता. सुतळीपाशी बसल्यावर गणित डोळ्यांसमोर उभं राहिलं. एक मीटर बाय एक मीटरच्या तुकड्याला चार मीटर काठ, म्हणजे प्रत्येक चौरस मीटरमागे चार मीटर. पाच बाय पाचला वीस मीटर काठ, चौरस मीटरमागे फक्त ८० सेंटिमीटर. काठावरची चूक पाचपट पातळ होते. महालनोबिसांचं म्हणणं पोकळ नव्हतं, नीट शिकवलेली माणसं असतील तर जास्त ठिकाणांचा फायदा मोठा आहे. पण हे काम लाखो शेतांत, हजारो वेगवेगळ्या हातांनी व्हायचं आहे, आणि तिथे मला सुखात्म्यांचं बरोबर वाटतं.

कापलेलं पीक ताडपत्रीवर झोडपलं, सुपाने उफणलं, टरफलं निवडून काढली. ताडपत्रीच्या घडीत दाणे अडकतात, ते झटकून घ्यायचे. वजन केलं तेव्हा दाणा ओला होता, आदल्या रात्री पावसाची सर येऊन गेली होती. म्हणून त्यातला किलोभर नमुना पिशवीत बांधून वाळवायला ठेवायचा आणि पुन्हा तोलायचा, म्हणजे वाळल्यावरची घट कळते. ही घट मोजायचा कंटाळा करणारे आहेत, पण पावसाळी हंगामात या एका आकड्याने सगळं पीक वर-खाली होतं.

विम्याचा हिशेब मी शेतकऱ्यांना गावातच मांडून दाखवते, कारण त्यांना तो कुणी दाखवत नाही. गेल्या सात वर्षांतल्या चांगल्या पाच वर्षांची सरासरी काढायची, तिला ठरलेल्या जोखीम टक्क्याने गुणायचं, तो उंबरठा. समजा उंबरठा हेक्टरी दहा क्विंटल आहे, विमा रक्कम ५०,००० रुपये, आणि यंदा हलक्याचं सरासरी उत्पादन आठ क्विंटल आलं. तूट वीस टक्के, भरपाई दहा हजार. आठ क्विंटल म्हणजे चौकोनात दोन किलो. आता हलक्यातल्या चारही प्रयोगांत काठावरची झाडं आत घेतली आणि दोन किलोऐवजी दोन किलो दोनशे ग्रॅम भरलं, तर उत्पादन ८.८ क्विंटल, तूट बारा टक्के, भरपाई सहा हजार. दोनशे ग्रॅम दाण्याने हेक्टरी चार हजार रुपये गेले. आणि एकट्या त्याच शेतकऱ्याचे नाही, हलक्यातल्या प्रत्येक विमाधारकाचे.

इथे मला एक गोष्ट खटकते आणि ती मी प्रत्येक बैठकीत मांडते. ही पद्धत मुळात जिल्ह्याच्या आणि राज्याच्या आकड्यासाठी रचली गेली. जिल्ह्यात शंभरावर प्रयोग झाले की वेडेवाकडे आकडे एकमेकांना सांभाळून घेतात. विम्याला मात्र पटवारी हलक्याचा आकडा हवा असतो आणि तिथे पिकामागे कमीत कमी चार प्रयोगांवर भागवतात. शेतागणिक उताऱ्यात तीन क्विंटलचा फरक असेल तर चार प्रयोगांच्या सरासरीची प्रमाण त्रुटी, म्हणजे ती खऱ्या आकड्यापासून साधारण किती हुकते ते, दीड क्विंटल होते. ती निम्मी करायची तर सोळा प्रयोग लागतील, आणि तेवढी माणसं नाहीत. म्हणूनच उपग्रहाची छायाचित्रं जोडून छोट्या क्षेत्राचा अंदाज सुधारण्याचं संशोधन आज मोलाचं आहे. गहू आणि भातासाठी २०२३ च्या खरिपापासून विम्यात तंत्रज्ञानाने काढलेल्या उत्पादनाला किमान तीस टक्के वजन द्यायचं ठरलं. मी याच्या बाजूने आहे, एका अटीवर. उपग्रहाला पीक कसं दिसतं हे शिकवायला शेतातले खरे, काटेकोर आकडेच लागतात. खुंटी चार पावलं सरकवलेली असेल तर उपग्रहही तेच सरकवलेलं शिकेल.

दुसरी बाजू क्षेत्राची. उत्पादन म्हणजे उतारा गुणिले क्षेत्र, आणि क्षेत्र गिरदावरीतून, म्हणजे कुठल्या शेतात कुठलं पीक आहे याच्या पाहणीतून येतं. गिरदावरी बांधावर जाऊन झाली असेल तर ठीक. एका हलक्यात कागदावर सोयाबीन आणि शेतात मका उभा होता. मी तसं लिहून वर पाठवलं, दुरुस्ती झाली. क्षेत्राची चूक चारशेने गुणली जात नाही, ती थेट हेक्टरांनी येते आणि कुणाच्या लक्षातही येत नाही.

आता शेतकऱ्यांसाठी, जे हे वाचत असतील किंवा ज्यांच्या घरातली मुलं वाचत असतील. तुमचा खसरा निवडला गेला असेल तर कापणी कधी आहे ते पटवाऱ्याला आधी कळवा. सोयाबीन पक्व झाल्यावर थांबत नाही, शेंगा तडकतात, आणि हार्वेस्टरवाला आपल्या तारखेला येतो. पथक पोचायच्या आत शेत मोकळं झालं की दुसरं शेत घ्यावं लागतं आणि निवडीचा सगळा अर्थ जातो. कळवण्याची जबाबदारी एकट्या तुमच्यावर असू नये, निरोप वेळेत पोचवणं हे यंत्रणेचं काम आहे, आणि तो उशिरा पोचतो हे मी पाहिलेलं आहे. प्रयोगाच्या वेळी शेतात हजर राहा. नैर्ऋत्य कोपऱ्यापासून पावलं मोजली का, तक्ता उघडला का, कर्ण तपासला का ते बघा. तराजू शून्यावर आणायला सांगा. वजन तुमच्यासमोर लिहून घ्या आणि मगच सही करा.

मध्य प्रदेशातले हे आकडे शेवटी राज्य पातळीवर एकत्र होतात आणि तिथून दिल्लीला जातात. निर्यात किती खुली करायची, तेल किती आयात करायचं, हमीभावाने किती खरेदी करावी लागेल, याचा अंदाज बांधणारे लोक त्या तक्त्यांकडे बघतात. त्यांना देपालपूरची खोलगट दिसत नाही, दिसायची गरजही नाही. ती आकड्यात असली म्हणजे पुरे.

या रब्बीत गव्हाच्या प्रशिक्षणाचा एक वर्ग माझ्याकडे दिला आहे. तक्ता कसा वाचायचा हे खोलीत शिकवून होतं. पहिला पूर्ण दिवस मी सुतळीवर घालवणार आहे, कारण गहू दाट असतो, ओळी जवळ असतात आणि काठावरची झाडं सोयाबीनपेक्षा कितीतरी जास्त. सगळ्यांना विळा हातात घ्यावा लागेल, पटवाऱ्यांनाही आणि अन्वेषकांनाही. एकाच चौकोनाच्या चार बाजू चौघांना वाटून द्यायच्या, प्रत्येकाने घेतलेली काठावरची झाडं वेगळी बांधून तोलायची आणि चौघांचं वजन फळ्यावर शेजारी-शेजारी लिहायचं, असं ठरवलं आहे.